दोष पॅनेलचा नव्हे, क्रमाचा

स्वयंपाकघरातल्या यंत्रांना कपाटांशी जुळणारं पॅनेल, म्हणजेच शटर, लावू नये, हे मत आता घट्ट होत चाललं आहे. नवा फ्लॅट घेतलेल्या जोडप्याला नातेवाईक, शेजारी, ऑफिसातले सहकारी सगळे एकाच सुरात बजावतात. फ्रिज कपाटात कोंडला की कॉम्प्रेसर जातो. डिशवॉशरला शटर लावलं की दार लोंबतं. पावसाळ्यात प्लाय फुगतो. मेकॅनिक आला की अख्खं किचन उचकटावं लागतं. आणि या सगळ्यावरचा शेवटचा शेरा असा की ही परदेशातल्या घरांची गोष्ट, श्रीमंतांची चैन; आपल्या फोडणीच्या स्वयंपाकघरात ती टिकायची नाही.

स्वयंपाकघरांची आखणी हे माझं रोजचं काम आहे. वरची प्रत्येक तक्रार मी लोकांच्या घरात उभी राहून ऐकली आणि पाहिली आहे. त्यातली एकही खोटी नाही. माझं भांडण आहे ते त्यांवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. जिथे जिथे पॅनेलचं काम बिघडलेलं दिसलं, तिथे कामाचा क्रम विचारला की तेच उत्तर येतं: ओटा आधी झाला, मग कपाटं झाली, आणि यंत्र कोणतं घ्यायचं ते सगळ्यांत शेवटी, दिवाळीच्या सेलमध्ये ठरलं. पॅनेलकडे शेवटी चढवायचा साज म्हणून पाहिलं गेलं. खरं तर ते यंत्राच्या दाराचाच भाग असतं. त्याला वजन असतं, जाडी असते, ते ठरावीक रेषेवर फिरतं, आणि त्याच्या मागून हवा वाहावी लागते. हे सगळं ओटा टाकण्याआधी ठरलेलं नसेल, तर पुढे कितीही हुशार सुतार आणा, तो फक्त तडजोड करू शकतो.

आता एकेक आरोप घेते. सगळ्यांत गंभीर आरोप फ्रिजचा आहे, म्हणून त्यावर जास्त थांबते.

‘कपाटात कोंडलेला फ्रिज जळतो’ असं सांगणाऱ्यांना मी विचारते, तो फ्रिज कोणत्या जातीचा होता? बहुतेक वेळा उत्तर मिळतं की नेहमीचाच, दुकानात उभा असतो तसला. त्याच्या तिन्ही बाजूंनी प्लायचा डबा उभारलेला असतो आणि दारावर मॅचिंग लॅमिनेट चिकटवलेलं असतं. म्हणजे ज्याला पॅनेल लावलेला फ्रिज म्हणून दोष दिला जातो, तो मुळात पॅनेलसाठी बनलेलाच नसतो. आजच्या बऱ्याचशा उभ्या फ्रिजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या मागे उघड्या नसतात, त्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत बसवलेल्या असतात. फ्रिज चालू असताना बाजूला हात लावून बघा, पत्रा कोमट लागतो. त्या पत्र्यालगत प्लाय उभा केला की उष्णतेला जायला जागाच उरत नाही. कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, वीज जास्त खातो आणि लवकर थकतो. यात पॅनेलचा काय दोष?

कपाटात बसवण्यासाठी बनवलेल्या बिल्ट-इन फ्रिजची रचनाच वेगळी असते. त्याला हवा खालच्या स्कर्टिंगमधून आत हवी असते, ती मागच्या मोकळ्या पट्टीतून वर चढते आणि कपाटाच्या माथ्यावरून बाहेर पडते. युरोपीय बनावटीच्या फ्रिजच्या पुस्तिकेत याचा आकडा दिलेला असतो: खाली आणि वर, दोन्ही ठिकाणी किमान २०० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा. मागची पट्टी चार-पाच सेंटिमीटर खोल. हे आकडे पाळले, तर फ्रिज जळण्याचं कारण उरत नाही. न पाळले, तर तो फ्रिज पुण्यात काय आणि जर्मनीत काय, सारखाच त्रास देणार.

मग हे आकडे आपल्याकडे पाळले का जात नाहीत? याची दोन अगदी घरगुती कारणं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पहिलं कारण झुरळं. स्कर्टिंगला फटी ठेवल्या की झुरळं आणि क्वचित उंदीर आत शिरतात, म्हणून घरची माणसं हौसेने बसवलेल्या जाळीवर आतून पट्टी मारून घेतात किंवा सिलिकॉन भरतात. त्यांची भीती मला पूर्ण मान्य आहे. पण उपाय साधा आहे. स्टीलची बारीक जाळी लावा, मात्र हिशेब जाळीच्या मापाचा न करता तिच्यातल्या मोकळ्या भागाचा करा. जाळी निम्मी मोकळी असेल, तर २०० चौरस सेंटिमीटर हवेसाठी ४०० चौरस सेंटिमीटरची जाळी लागेल. फ्रिजखालची स्कर्टिंग ५६ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असते, म्हणजे ५६० चौरस सेंटिमीटर. जागा पुरून उरते. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो, पण तो स्कर्टिंग कापण्याआधी व्हायला हवा.

दुसरं कारण लॉफ्ट. आपल्या फ्लॅटमध्ये सात फुटांवर लॉफ्टची स्लॅब असते आणि तिच्यापर्यंत कपाट भिडवलं की किचन भरल्यासारखं दिसतं. सात फूट म्हणजे २१३ सेंटिमीटर. फ्रिजचा कप्पा १७८, स्कर्टिंग १०, वरखालच्या फळ्या मिळून साडेतीन-चार. वर साधारण वीतभर जागा उरते. ही वीतभर जागा फ्रिजचं धुराडं आहे. तिला समोरून जाळीचं शटर द्यायचं आणि आत काही ठेवायचं नाही, एवढंच पथ्य. पण घरोघरी काय होतं? तिथे एक छान बंद कप्पा तयार होतो आणि त्यात वर्षातून एकदा लागणारे मोदकपात्र, शेवेचा साचा आणि जुने डबे बसतात. गरम हवा वर येऊन डब्यांवर आदळते आणि परत खाली फिरते. मे महिन्यात फ्रिज सलग चालायला लागतो आणि मग ‘बिल्ट-इन घेऊच नका’ असा सल्ला पुढच्या घराला मिळतो.

आपल्या हवेचा मुद्दा मात्र मी हलका करणार नाही. फ्रिजवर हवामान-वर्गाचं अक्षर छापलेलं असतं. ‘एन’ वर्गाचा फ्रिज भोवतालच्या ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतो, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरचं तापमान ४५च्या वर जातं. आणि भोवतालची हवा म्हणजे फ्रिज उभा असतो त्या स्वयंपाकघरातली हवा, हॉलमधली नव्हे. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात बिल्ट-इन फ्रिज घेणाऱ्याने ‘टी’ हे अक्षर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत; आणि स्वयंपाकघर पश्चिमेच्या भिंतीला असेल, पंखा नसेल, खिडकी बंद राहत असेल, तर तिथे उघड्यावर उभा राहणारा फ्रिजच बरा. शेगडीच्या किंवा ओव्हनच्या अगदी शेजारी तर तो कुठेच नको. हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही. काही ठिकाणी पॅनेल नको हे कळणं हाही नियोजनाचाच भाग आहे.

आता लोंबणाऱ्या दारांकडे येऊ. बिल्ट-इन फ्रिजला शटर जोडण्याच्या दोन पद्धती असतात. एका पद्धतीत शटर आपल्याच बिजागऱ्यांवर कपाटाला टांगलेलं असतं आणि फ्रिजच्या दाराशी त्याची सांगड छोट्या सरकत्या पट्ट्यांनी घातलेली असते. दुसऱ्या पद्धतीत कपाटाला बिजागरी नसतेच. शटर थेट फ्रिजच्या दारावर बसतं आणि फ्रिजच्या भक्कम बिजागऱ्या दोघांचं वजन पेलतात. या दोन पद्धतींची सरमिसळ झाली की दार बिघडलंच म्हणून समजा. पहिल्या पद्धतीत शटर आणि फ्रिजचं दार दोन वेगवेगळ्या अक्षांवर फिरतात, म्हणून उघडताना एक दुसऱ्यावरून थोडं सरकतं. ते सरकणं पट्टी सांभाळते. दुसऱ्या पद्धतीच्या फ्रिजला कुणी कपाटाच्या बिजागऱ्याही मारल्या आणि शटर दारालाही आवळलं, तर दोन अक्ष एकमेकांना ओढत राहतात. काही महिन्यांत स्क्रू सैल होतात, शटर उतरतं, आणि फ्रिजच्या दाराचा वरचा कोपरा नीट मिटेनासा होतो. त्या बारीक फटीतून दमट हवा आत जाते, फ्रीझरमध्ये बर्फाची साय धरते. गिऱ्हाईक म्हणतं फ्रिज खराब. मेकॅनिक म्हणतो गास्केट बदला. खरं कारण एका चुकीच्या बिजागरीत असतं.

वजनाचा हिशेबही असाच कुणी मांडत नाही. १७८ सेंटिमीटरच्या कप्प्याला लागणारं पूर्ण उंचीचं शटर १८ मिलिमीटर एमडीएफमध्ये केलं तर १४ किलोंच्या आसपास भरतं. एचडीएचएमआर या ओलाव्याला टिकणाऱ्या दाट बोर्डात त्याहून जड. डिशवॉशरचं ६० बाय ७२ सेंटिमीटरचं शटर पाच-सहा किलोंचं. यंत्राच्या पुस्तिकेत शटरच्या वजनाची मर्यादा लिहिलेली असते. डिशवॉशरचं दार खाली उघडतं आणि दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांवर तोललेलं असतं. शटर जड झालं की दार धाडकन खाली येतं, हलकं झालं की आपोआप वर उठतं. त्या मर्यादेतल्या वजनासाठी स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायची सोय बहुतेक यंत्रांत असते. पण ओट्याच्या दगडाशी जुळावं म्हणून कुणी शटरवर १० मिलिमीटरचा दगड चढवायला सांगितला, तर त्या मापात नुसता दगडच साडेअकरा किलोंच्या वर जातो. ते पेलण्यासाठी ते दार बनलेलं नाही. चित्रात सुंदर दिसतं म्हणून असला आग्रह धरणारे आणि त्याला होकार देणारे, दोघंही यंत्राचं आयुष्य कमी करतात.

आणि हँडल. फ्रिज बंद केल्यावर आतली हवा गार होऊन आकसते आणि चुंबकी गास्केट दाराला धरून ठेवतं, म्हणून तो लगेच उघडायला जोर लागतो. दाबून उघडायची जी बटणं ड्रॉवरला चालतात, ती साध्या बिल्ट-इन फ्रिजला चालत नाहीत. हँडलशिवायचं किचन हवं असेल तर शटरच्या कडेला बोटं घालायची खाच आखणीतच धरावी लागते. हँडल लावायचं असेल तर त्याचे स्क्रू शटर बसवण्याआधी मागून, डोकं आत बुडेल असे मारावे लागतात, कारण नंतर मागची बाजू दारालाच टेकलेली असते. या बारीकसारीक गोष्टी नाहीत. रोज पन्नास वेळा उघडायच्या दारात बारीकसारीक असं काही नसतं.

डिशवॉशरच्या बाबतीत खरा झगडा उंचीचा आहे, आणि इथे मला विक्रेत्यांविरुद्धही बोलायचं आहे. आपल्याकडे ओटा ३२ इंचांवर घालायची जुनी रीत आहे. ३२ इंच म्हणजे ८१.३ सेंटिमीटर. त्यातून ग्रॅनाइटची जाडी वजा केली की खाली ७९ सेंटिमीटर उरतात. खाली कडप्पाची फरशी असेल तर आणखी कमी. नेहमीच्या ६० सेंटिमीटर रुंदीच्या बिल्ट-इन डिशवॉशरला कमीत कमी साडेएक्याऐंशी सेंटिमीटर उंची लागते. म्हणजे तो बसत नाही. रुंदीतही तेच. ओट्याखालच्या दोन उभ्या कडप्पांमधलं अंतर ‘दोन फूट’ सांगितलं जातं. दोन फूट म्हणजे ६०९ मिलिमीटर, यंत्र ५९८ मिलिमीटर. कडप्पाला प्लास्टर आणि टाइल लागली, किंवा तो ओळंब्यात नसला, की त्या ११ मिलिमीटरमधलं काहीच हाती राहत नाही.

यावर विक्रेत्यांचं ठरलेलं उत्तर असतं: ओटा ३४ किंवा ३५ इंचांचा करा. बोलायला सोपं आहे. पण त्या ओट्यावर उभं राहून कणीक कोण मळणार, पोळ्या कोण लाटणार, हे आधी विचारा. पाच फूट उंचीच्या बाईला ३५ इंचांच्या ओट्यावर खांदे उचलून लाटणं धरावं लागतं आणि वर्षभरात मान धरते. यंत्रासाठी माणसाचं शरीर वाकवायचं नसतं. घरात स्वयंपाक करणारं माणूस उंच असेल तर ओटा खुशाल वाढवा, त्याच्या पाठीलाही बरं वाटेल. नसेल, तर ओट्याचा यंत्रावरचा तेवढाच भाग उंच करा, किंवा डिशवॉशर उंच कपाटात कमरेच्या पातळीवर घ्या. वाकून भांडी लावायचा त्रासही वाचतो. हे सगळं शक्य आहे, पण ओटा टाकण्याआधी. ग्रॅनाइट बसल्यावर एकच मार्ग उरतो: यंत्राचे पाय कापण्याची कल्पना लढवणारा कुणी तरी पुढे येतो, आणि पुढच्या तक्रारीची तयारी होते.

उंचीचाच दुसरा धागा स्कर्टिंगचा. डिशवॉशरचं दार खाली उघडताना शटरची खालची कड आत, स्कर्टिंगच्या दिशेने फिरते. बाकीच्या शटरांशी खालची रेघ जुळवायची म्हणून ते शटर लांब ठेवलं आणि स्कर्टिंग पुढे असली, तर दार अर्ध्यात अडतं. अशा वेळी स्कर्टिंग आत घ्यावी लागते, तिला खाच द्यावी लागते, किंवा शटर वर सरकणारी बिजागरी असलेलं मॉडेल घ्यावं लागतं. पुस्तिकेत शटरची लांबी आणि स्कर्टिंगची उंची यांचा तक्ता असतो, आणि बहुतेक वेळा यंत्राच्या खोक्यात शटरच्या मापाचा कागदी साचाही असतो, ज्यावरून भोकं पाडायची. तो कागद बऱ्याच घरांत थर्माकोलबरोबर भंगारवाल्याकडे गेलेला असतो.

पावसाळ्याचा आरोप मुंबई, कोकण आणि गोव्याकडून जास्त येतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण प्लाय फुगतो कुठून, ते पाहावं. पाणी लॅमिनेटमधून शिरत नाही. ते उघड्या कडेतून, हँडलच्या भोकातून आणि खालच्या न दिसणाऱ्या कडेतून शिरतं. दिसणाऱ्या तीन कडांना एज बँडिंग करून चौथी कोरी सोडायची सवय अजून गेलेली नाही. दुसरी सवय, बाहेरून एक मिलिमीटरचं लॅमिनेट आणि आतून नुसता रंग किंवा पातळ कागद. दोन बाजू सारख्या बांधलेल्या नसल्या की फळी दमट हवेत एका बाजूला वाकते. साध्या शटरला हे कदाचित खपून जातं, पण पावणेदोन मीटर उंचीच्या फ्रिजच्या शटरला वाक आला की तो गास्केटपर्यंत पोचतो. आयएस ७१० चा मरीन प्लाय किंवा ओलाव्याला टिकणारा दाट बोर्ड, दोन्ही बाजूंना सारखं लॅमिनेट, चारी कडा बंद, भोकांना सीलंट. एवढं झालं की पावसाळा हा पॅनेलचा शत्रू राहत नाही. ओला फडका मारून फरशी पुसण्याची आपली रीत आहे, म्हणून स्कर्टिंग मात्र प्लायची नकोच. ॲल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची घ्यावी. डिशवॉशरबरोबर वाफ अडवणारी एक चिकटपट्टी येते. ती ओट्याच्या पुढच्या कडेखाली लावायची असते. ती न लावल्यामुळे शेजारच्या शटरांच्या वरच्या कडा सुजतात आणि लोक प्लायला नावं ठेवतात.

दुरुस्तीचा मुद्दा लवकर संपवते, कारण त्यात गूढ काही नाही. नळ, ड्रेन आणि प्लग यंत्राच्या मागे न ठेवता शेजारच्या सिंकखालच्या कप्प्यात ठेवा. स्कर्टिंग चिकटवू नका, क्लिपवर बसवा. यंत्र ग्रॅनाइटला सिलिकॉनने जाम करू नका. दगडाच्या ओट्यासाठी ते बाजूच्या कपाटांना आवळायच्या पट्ट्या असतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, टाइल यंत्राच्या खालपर्यंत न्या. यंत्र जुन्या फरशीवर बसवून नंतर समोर नवी टाइल चढवली, की ते यंत्र फरशी फोडल्याशिवाय बाहेर येत नाही.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करते. यंत्र दहा-बारा वर्षांनी बदलताना काय? डिशवॉशरच्या बाबतीत चिंता कमी, ६० आणि ४५ सेंटिमीटर ही मापं स्थिर आहेत आणि शटर बहुधा नव्या यंत्रावर चढतं. फ्रिजचं तसं नाही. कप्प्याची ५६ सेंटिमीटर रुंदी, ५५ खोली आणि १७८ उंची सर्रास सापडते, पण वरचं आणि खालचं दार जिथे वेगळं होतं ती रेघ मॉडेलगणिक बदलते, आणि शटर जोडायची पद्धतही. दोन तुकड्यांत कापलेली शटरं नव्या फ्रिजला जुळतीलच असं नाही. म्हणून मी लोकांना सांगते की कप्पा एखाद्या मॉडेलच्या आवडीवरून न ठरवता सर्रास मिळणाऱ्या मापाचा करा, शटरला लागलेल्या लॅमिनेटचा कोड लिहून ठेवा आणि एक जादा शीट परवडत असेल तर राखून ठेवा. यानेही प्रश्न पूर्ण सुटत नाही. तसंच, या १७८ सेंटिमीटरच्या फ्रिजमध्ये साधारण अडीचशे ते पावणेतीनशे लिटर मावतं आणि त्याच पैशांत उघड्यावर उभा राहणारा बराच मोठा फ्रिज येतो. सहा माणसांच्या, दूध-भाजी आठवड्याची भरणाऱ्या घराला मी बिल्ट-इन सुचवत नाही.

उरतो ‘ही श्रीमंतांची चैन’ हा शेरा. पॅनेलवर जास्त पैसे जातात हे खरं. पण या शेऱ्यात आणखी एक गोष्ट गुपचूप घुसवली जाते: आधी मापं काढणं, कागदावर मांडणं, यंत्र ठरवणं हीच चैन, सामान्य घराने ‘होईल ते होईल’ म्हणावं. हे मी सहन करू शकत नाही. १९२६मध्ये मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफुर्ट शहराच्या गृहयोजनेसाठी जे स्वयंपाकघर आखलं, ते होतं १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं, आपल्याकडच्या लहान फ्लॅटमधल्या किचनएवढं. ते सामान्य, कष्टकरी कुटुंबांच्या घरांसाठी होतं आणि सुमारे १० हजार घरांत बसवलं गेलं. प्रत्येक खण, फळी आणि उभं राहायची जागा भिंत उभी राहण्याआधी ठरलेली होती. जागा आणि पैसा कमी होता, म्हणूनच ठरलेली होती. ज्याच्याकडे भरपूर पैसा आहे त्याला ओटा फोडून पुन्हा घालता येतो. गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्या घराला तो एकदाच घालता येतो.

आणि या सगळ्यात सुताराला जबाबदार धरणं मला सगळ्यांत जास्त खटकतं. त्याला शेवटी बोलावलं जातं. त्याचे पैसे चौरस फुटांवर ठरलेले असतात, त्यामुळे पुस्तिका वाचायला लागणारा वेळ कुणीच त्याला देत नाही. पुस्तिका इंग्रजीत, आकडे मिलिमीटरमध्ये. तो इंच आणि सुतात मोजत आला आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिलिमीटर. दोन शटरांमधली फट दोन-तीन मिलिमीटरचीच ठेवायची असते. म्हणजे त्याच्या मापपट्टीवरची एक खूण चुकली की फटच संपली. यात त्याच्या हाताचा दोष नाही. त्याच हाताने गुण्या लावून साधलेले सांधे आपण जुन्या दारांत पाहतो. त्याला योग्य माप योग्य एककात, योग्य वेळी मिळालं नाही, हा दोष आखणी करणाऱ्याचा आहे, म्हणजे माझ्या व्यवसायातल्या लोकांचा. आम्ही संगणकावर झळझळीत थ्री-डी चित्र दाखवतो, त्यात फ्रिजच्या जागी एक करडा चौकोन असतो आणि त्याखाली मॉडेल क्रमांक नसतो. त्या चित्रावर गिऱ्हाईक सही करतं, आगाऊ रक्कम देतं. पुढची सगळी भांडणं त्या करड्या चौकोनातून जन्माला येतात.

म्हणून किचन करून घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. यंत्र घरी यायच्या आधी त्याचा मॉडेल क्रमांक ठरवा आणि त्याची बसवणीची पुस्तिका कंपनीकडून मागून घ्या. ती छापून आखणी करणाऱ्याला, गवंड्याला आणि सुताराला, तिघांनाही द्या. कप्प्याचं माप, हवेची वाट, शटरचं वजन आणि बिजागरीची पद्धत या चार गोष्टी करारावर लिहून घ्या. जो आखणीकार ‘यंत्र आलं की बघू’ म्हणेल, त्याला आगाऊ पैसे देऊ नका.